सातव्या काठीची माती

समुद्रकाठच्या चिखलाचा प्रश्न घेऊन पीएचडी करायला निघालेली जिंतूरची बहुधा मी पहिलीच बाई. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो फोनवरच पाहिलेला असतो. पण यात माझा काही दोष नव्हता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता केस पिकायला लागले तेव्हा कुठे मला मार्गदर्शक मिळाले, आणि ते निघाले कोकणातले. त्यांची सगळी हयात खाडीतल्या गुडघाभर चिखलात गेलेली. खाऱ्या पाण्यात उभी राहणारी तिवरांची झाडं, त्यांच्या मुळांना धरून राहणारे जीवाणू, आणि खाडीत सांडपाणी, खत येऊन पडलं की त्या जीवाणूंचं काय होतं, एवढा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला होता. मला तो भयंकर आवडला. अडचण एवढीच, की माझी नोकरी जिंतूरला, नवऱ्याची नोकरी जिंतूरच्याच बँकेत, आणि तिवरं काही एसटीत बसून आमच्याकडे येणार नव्हती.

"तुमच्याकडे पाणथळ जागा एकही नाही?" सरांनी फोनवर विचारलं.

"चारठाण्याकडे एक तळं आहे. पाणकणसं आहेत तिथं."

"मग झालं तर. खाडीचं खाडीवाले बघतील. तुम्ही तुमच्या तळ्याला तोच प्रश्न विचारा."

तळं म्हणजे काही डोळ्यांत भरणारी गोष्ट नव्हे. चारठाण्याच्या रस्त्यावरून आत वळलं की कापसाच्या आणि सोयाबीनच्या रानांमधून एक गाडीवाट जाते, ती तळ्याच्या भिंतीशी संपते. पावसाळा सरताना तळं तुडुंब असतं, फाल्गुनात निम्म्यावर येतं आणि वैशाखात तिथं पोरं क्रिकेट खेळतात. कडेकडेनं पाणकणीस वाढतं, पुरुषभर उंच, शेंड्याला तपकिरी मऊ कणीस. आजूबाजूच्या रानांना टाकलेला युरिया पावसाबरोबर वाहत याच तळ्यात येतो. म्हणजे सरांच्या खाडीत जे चाललं होतं तेच इथंही चाललं होतं, फक्त मिठाशिवाय.

प्रश्न समजायला सोपा आहे. झाड मुळांमधून थोडी साखर बाहेर सोडतं. मुळाभोवतीचे काही जीवाणू ती खातात आणि बदल्यात हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. शेजारणी-शेजारणींची वाटीची देवघेव असते ना, तसंच. आज तू वाटीभर डाळ दे, उद्या मी वाटीभर साखर देईन. आता एकीच्या दारात रोज डाळीचं फुकटचं पोतं येऊन पडायला लागलं तर ती वाटी घेऊन कशाला जाईल? युरिया म्हणजे ते पोतं. पोतं आल्यावर पाणकणसाच्या मुळाशी जुन्या शेजारणी टिकतात, की भलतेच लोक येऊन बसतात, हे मला बघायचं होतं.

त्यासाठी दिवाळीनंतर मी तळ्याच्या कडेला चौकोन आखले. सांडव्याच्या बाजूला खताचे चौकोन, काहींना थोडा युरिया, काहींना जास्त. आणि ओढा जिकडून तळ्यात येतो त्या वरच्या बाजूला, मी घातलेलं खत चुकूनसुद्धा पोचणार नाही अशा जागी, काहीही न घालायचे चौकोन. त्यांना मी उपाशी चौकोन म्हणायची. अशा प्रयोगाची सगळी मदार उपाशांवर असते. काहीच दिलं नाही तर काय होतं हे माहीत नसेल, तर दिल्यावर काय झालं हे कुठल्या तोंडानं सांगणार? जागा होती तेवढ्यात सात उपाशी चौकोन बसले, एका ओळीत. प्रत्येकात एक काठी रोवली. युरियाची पिशवी हातात असताना गफलत होऊ नये म्हणून खताच्या काठ्यांना जुन्या चादरीच्या पांढऱ्या चिंध्या बांधल्या आणि उपाशांच्या काठ्यांना हिरव्या.

हिरव्या चिंध्या माझ्या डोहाळजेवणाच्या साडीच्या. ती माझ्या आईनं आणली होती, हिरवीगार, जरीच्या काठाची. डोहाळजेवण थाटात झालं, मूल राहिलं नाही. पुढेही झालं नाही. याला आता इतकी वर्षं झाली की मी हे चहा ढवळता ढवळता सांगू शकते. आमचं दोघांचं छान चाललंय, उगाच कुणी हळहळू नये. पण साडी कपाटाच्या तळाशी तशीच होती. नेसवत नव्हती आणि कुणाला देववतही नव्हती. त्या दिवशी घरात दुसरं हिरवं कापड सापडेना, तेव्हा मी ती काढली. कात्रीनं कड कापून फाडायला लागले तर वाकडी फाटायला लागली. नवरा व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर बाजूला ठेवला, उठून दुसरं टोक धरलं आणि म्हणाला, "सरळ ओढ." दोघांनी मिळून आम्ही ती फाडली. मग तो पुन्हा पेपर वाचायला बसला.

माझ्या नोंदणीची मुदत आधीच एकदा वाढवून झाली होती. आता हा शेवटचा हंगाम. फाल्गुनात पाणी हटायच्या आत शेवटचे नमुने हाती आले तर पदवी, नाहीतर इतक्या वर्षांच्या चिखलावर पाणी. कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी मला "होणाऱ्या डॉक्टरीणबाई" म्हणायला सुरुवात केल्यालाही बराच काळ लोटला होता, आणि त्यातली गंमत माझ्यापुरती केव्हाच संपली होती.

पौषात पहिले नमुने काढले. पद्धत अशी, की रोप मुळासकट हलकेच उपटायचं, झटकायचं, जी माती खाली पडेल ती पडू द्यायची आणि जी हट्टानं मुळाला चिकटून राहील तेवढीच घ्यायची. प्रयोगशाळेत ती माती पाण्यात कालवून काचेच्या बशांमध्ये पसरली. काही दिवसांनी बशा बाहेर काढल्या. खताच्या चौकोनांचं ठीक होतं, पण उपाशांच्या बशांमध्ये दुधाळ पांढऱ्या ठिपक्यांची नुसती रांगोळी. असले जीवाणू तिथं असायचं कारणच नव्हतं. उरलेल्या मातीची पिशवी नाकाशी नेली तर ताकाचा वास.

माझा राग कायम नाकावर. पहिला तडाखा बसला तो प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना. नमुन्यांच्या फ्रिजमध्ये तुम्ही डबा ठेवता का, दही सांडलं का, असं मी त्यांना चांगलं खडसावलं. त्यांनी शांतपणे डबा उघडून दाखवला. भाकरी, ठेचा, कांदा. दही त्यांना सोसतच नाही म्हणाले. मग मी सगळ्या पिशव्या ओतून बघितल्या. उपाशी चौकोनांच्या मातीत भाताची शितं निघाली, आणि एका शिताला हळद लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. उजाडताच स्कूटीवरून तळं गाठलं. भिंतीवरून खाली बघितलं तर पहिल्या काठीपाशी एक बाई वाकलेली. शेळ्या-मेंढ्यांचा कळप भिंतीच्या उतारावर चरत होता. जवळ गेले तशी ओळखू आली. पलीकडच्या वस्तीवरची मेंढरं राखणारी, साठीला टेकलेली, लांबून कैक वेळा दिसलेली. सातही काठ्यांच्या बुडाशी हळदकुंकू, प्रत्येकीला एक लिंबू आणि दोन हिरव्या बांगड्या, नमुने काढले तेव्हा यातलं काहीच दिसलं नव्हतं, आणि पितळेच्या तांब्यातून ती घासघासभर दहीभात ठेवत चालली होती.

"मावशी, हे काय चाललंय?"

"दिसंना का बाई? आसरांला निवद दावायले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाण्याची कड, एका ओळीत सात काठ्या, हिरवं जरीकाठाचं कापड. आमच्या भागातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा हे काय, तो सांगेल, साती आसरा. पाण्याच्या सात देवी, सख्ख्या बहिणी. विहिरीवर, तळ्यावर, डोहावर त्यांचे सात दगड मांडलेले असतात. लेकीबाळींचं, बाळंतपणाचं त्या बघतात, आणि त्यांना हिरवा खण आणि दहीभात लागतो. मी काही परगावची नव्हे. लहानपणी आईचा पदर धरून मीच असा दहीभात ठेवून आलेली आहे. तरी काठ्या रोवताना हे एकदाही मनात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"या आसरा नाहीत, मावशी. या माझ्या काठ्या आहेत. आणि हे कापड माझ्या साडीचं आहे."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि तिचा चेहरा एकदम खुलला. "तुमी रवल्या व्हय? लय चांगलं केलं बाई! गाळ काढला तवा हितले आसरांचे दगड मिशनीखाली गेले. कुणीतरी परत मांडा, मांडा मनायलेत समदे, पर कुणाला येळ हाय? तुमचं लय भलं हुईल."

मी तिला तावातावानं सगळं समजावलं. मुळं, जीवाणू, युरिया, पदवी, मुदत. हात हलवून, तळ्याकडे बोट दाखवून, वर्गात सांगते तसं. ती तांब्या कडेवर घेऊन ऐकत राहिली.

"मंजी सांडव्याकडल्याला खायला घालायचं, आन् ह्यांला उपाशी ठिवायचं?"

"बरोबर. उपाशी."

"आसरांला?"

मी कपाळावर हात मारला.

मग ती बोलली, आणि तेही माझ्यासारखा आवाज न चढवता. "माझी लेक बाळंतपणाला आलीय बाई. दोन डाव पोटातच गेलं. हा तिसरा डाव हाय. जिंतूरच्या दवाखान्यातल्या गोळ्या बी चालू हायेत, आन् हे बी चालू हाय. म्या बोलले हितं, ती मोकळी हुस्तोर दर मंगळवारी दहीभात. बोललेलं आता मागं कसं घिऊ?"

पोटातच गेलं, हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की माझ्या रागाचं काय झालं कळलंच नाही. मी तिथं पाणकणसात चिखलाच्या चपला घालून उभी, आणि समोर माझ्याच डोहाळजेवणाच्या साडीपुढे दुसऱ्या कुणाच्या लेकीसाठी दहीभात. एखाद्यानं मुद्दाम जुळवून आणलं असतं तर मला त्याचा राग आला असता. थोडा वेळ मी बांगड्यांकडेच बघत राहिले. पण पदवीही सोडवत नव्हती, हेही खरं.

"मावशी," मी म्हटलं, "सातीजणी एका ठिकाणी जेवल्या तर चालणार नाही का?"

ती विचारात पडली. एका काठीकडे, मग दुसरीकडे बघत ओळीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. "सख्ख्या बहिणी हायेत. एका ताटात जेवत्याल. पर सात घास ठिवावं लागत्याल."

"ठेवा. त्या शेवटच्या, सातव्या काठीपाशी ठेवा. बाकीच्या सहांना मात्र काही घालायचं नाही."

"कबूल. पर मग तुमी बी त्या सातवीला हात लावायचा न्हाई. लेक मोकळी हुस्तोर."

"कबूल," मी म्हणाले. सहा चौकोन सुटल्याच्या आनंदात मी काय कबूल केलं याचा हिशेब त्या वेळी केला नाही.

सरांना फोन करताना जीव टांगणीला लागला होता. आता हे म्हणणार, गुंडाळा. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दही कुठल्या दुधाचं?"

"शेळीच्या असेल."

"अहो, असला चौकोन मी खाडीत मुद्दाम मांडला असता तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं!" आणि ते खो खो हसले. आधी झालेल्या दहीभाताची नोंद प्रबंधात स्पष्ट करायची, सहा चौकोन सावरतात का ते बघायचं, आणि सातवा वेगळा धरायचा, असं ठरलं. युरिया दिलेले, काही न दिलेले, आणि हा एक दहीभाताचा. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "त्या सातव्याचा शेवटचा नमुना काही झालं तरी चुकवू नका. तुमच्या कामात नवं असं तेच आहे."

त्यानंतरचे दोन महिने मी फार सुखात काढले. सकाळी कॉलेजच्या आधी तळ्यावर जायचं, पाण्याची खोली बघायची, मावशीची मेंढरं आलेली असायची, मग भिंतीवर बसून तिची भाकरी आणि माझा थर्मासमधला चहा. हरभऱ्याचे दिवस होते, तिच्या ओच्यात सोलाण्याचे डहाळे असायचे. माझ्या उपाशी चौकोनांना आता तर देवीचंच संरक्षण होतं. गावातल्या म्हशी तळ्यात डुंबायला यायच्या आणि खताच्या चौकोनांत खुशाल लोळायच्या, पण वरच्या अंगाला एखादी वळली, की मावशी भिंतीवरून अशी काही आरोळी ठोकायची की म्हैसच काय, मीही दचकायची. युरियाचे चौकोन मला दोनदा नीट करावे लागले. उपाशांना कुणी बोट लावलं नाही. नवरा म्हणायचा, "तुझ्या पीएचडीला देवीचा कौल मिळालाय, आता विद्यापीठाचं काय घेऊन बसलीस?"

आणि माती सावरली. पुढच्या नमुन्यात सहा चौकोनांच्या बशांमधले दुधाळ ठिपके विरळ झाले, त्याच्या पुढच्यात जवळपास दिसेनासे झाले. जुने जीवाणू आपल्या जागी बसलेलेच होते. दह्यातले जीव त्यांच्यापुढे टिकले नाहीत. मी ही बातमी मोठ्या आनंदानं मावशीला सांगितली.

"पाव्हणे व्हते," ती म्हणाली. "जेवले आन् गेले."

खताच्या बाजूला मात्र मला वाटलं होतं तेच व्हायला लागलं होतं. पाणकणीस तरारून वर आलेलं, हिरवंगार, कुणीही म्हणावं वा! पण मुळाशी नत्र धरणारे जुने जीवाणू कमी कमी होत चाललेले, आणि आयत्यावर जगणाऱ्यांची गर्दी. सरांच्या खाडीत तिवरांपाशी हेच दिसलं होतं. आमच्या आडबाजूच्या तळ्यानं समुद्राला दुजोरा दिला म्हणून मी त्या दिवशी येताना पेढे आणले.

मावशीची लेक एकदाच आली होती, भिंतीवर पाय सोडून बसली. दिवस भरत आलेले, तोंडावर सूज. मला म्हणाली, "बाई, तुमाला त्या मातीतलं जित्तं हाय का न्हाई ते कळतं मनं?"

"बशीत वाढलं की कळतं."

"आन् तवर?"

"तोवर वाट बघायची."

ती हसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "मंजी आपलं सारकंच हाय."

फाल्गुन लागला. ऊन एकदम चढलं आणि तळं दिवसादिवसाला आत सरकायला लागलं. चौकोनांना टेकलेलं पाणी हटलं, मग चिखल घट्ट व्हायला लागला, मग त्याला कडेकडेनं भेगा. माती ओली आहे तोवर नमुने घ्यायला हवे होते. ती एकदा तडकली की मुळाशी राहणाऱ्यांचा संसार उठतो, आणि मग त्या मातीत जे सापडेल ते वेगळंच असतं. सरांचा रोज फोन. मावशीच्या लेकीचे दिवस मात्र काही पुरे होत नव्हते. डॉक्टर म्हणत होत्या अजून अवकाश आहे.

अखेर एका सकाळी मी खुरपं, पिशव्या आणि बर्फाचा डबा घेऊन उतरले. आधी खताचे चौकोन उरकले. मग वर आले. मावशी भिंतीवर मेंढरांपाशी उभी होती. पहिली काठी उपटली, हिरवी चिंधी सोडून कडेला टाकली, रोप काढलं, झटकलं, माती घेतली. मग दुसरी. अशा सहा झाल्या. सहांचं तर आमचं ठरलेलंच होतं.

सातवीपाशी आले आणि खाली बसले. तिथली माती अजून काळीभोर, ओलसर होती. मंगळवारचं हळदकुंकू ताजं होतं. मी देवदेव करणारी नव्हे. काठी उपटल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. पण मला भीती वाटली. समजा मी उपटली, आणि तिकडे त्या पोरीचं जे दोनदा झालं ते तिसऱ्यांदा झालं, तर विज्ञान मला निर्दोष सोडेल, कदाचित मावशीही सोडेल. मी स्वतःला सोडणार नाही. आणि शब्द दिला होता हेही होतंच. मी वर बघितलं. मावशीनं तोंड फिरवून मेंढरांकडे केलं होतं. तिला बघायचंच नव्हतं, की मला अडवायचं नव्हतं, कोण जाणे.

मी खुरपं पिशवीत टाकलं आणि वर चढले. "येते मावशी," म्हटलं.

तिनं वळून खाली बघितलं. एकटीच काठी उभी, हिरव्या चिंधीची. "तुमचं काम आडंल ना?" तिनं विचारलं.

"अडेल थोडं," मी म्हणाले आणि स्कूटीला किक मारली, कारण डोळे भरून आले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते.

सर भयंकर चिडले. नवं म्हणावं असं तुमच्या कामात एकच होतं आणि तेच तुम्ही तिथं सोडून आलात, असं म्हणाले, आणि आठवडाभर फोन केला नाही. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पुढे यथावकाश प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. सातव्या चौकोनाचा शेवटचा नमुना का नाही? मी म्हणाले, "त्या जागेचा शब्द मी दुसऱ्या कुणाला दिला होता." ते माझ्याकडे बघत राहिले, सर छताच्या पंख्याकडे. मग त्यांनी पान उलटलं आणि युरियाकडे वळले. सहा चौकोनांवर पदवी मिळाली. कॉलेजात आता मला खऱ्याखुऱ्या डॉक्टरीणबाई म्हणतात आणि कुणी हसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, त्याच फाल्गुनानंतरचं. सातवा चौकोन तडकून गेल्यावर, एका दुपारी प्रयोगशाळेत असताना मावशीचा फोन आला. "मोकळी झाली बाई! पोरगी हाय. लय रडायली, समदा दवाखाना उठवला तिनं." मी फोन ठेवला आणि बशा धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून रडले. शिपाईमामांना काय झालं ते सांगितलं, तेव्हा तेही डोळे पुसायला लागले.

सव्वा महिना झाल्यावर बाळाच्या डोसासाठी ते जिंतूरला आले तेव्हा दवाखान्यातून थेट आमच्या घरी. मावशी, लेक, आणि दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. रविवार होता. नवऱ्यानं दार उघडलं, बसा म्हणाला आणि पाणी आणायला आत गेला. मावशीनं पिशवीतून आधी एक फडक्याची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली.

"ही घ्या तुमची सातव्या काठीची माती. लेक मोकळी झाली त्याच दिशी जाऊन खांदून आणली. तुमाला लय नड व्हती ना तिची?"

पुरचुंडी सोडली. ढेकळं, कडक वाळलेली, सव्वा महिना तिच्या घरात खुंटीला टांगलेली. त्यातल्या एकाला अजून भाताचं शीत चिकटलेलं. प्रयोगाच्या दृष्टीनं शून्य. "फार बरं झालं मावशी," मी म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं.

मग लेकीनं दुपटं बाजूला केलं. बाळाच्या डोक्यावर टोपडं होतं. हिरवंगार, उभ्या पट्ट्या जोडून शिवलेलं, आणि कपाळावर जरीचा काठ.

"तुमी काठ्या उपटल्या तवा चिंध्या तितंच टाकल्या व्हत्या," मावशी सांगायला लागली. "सा म्या उचलून धुतल्या. सातवी ही झाल्यावर सोडली. आसरांचं कापड हाय, असं कसं टाकून द्यायचं?"

नवरा पाण्याचे पेले घेऊन बाहेर आला होता. तो दारातच थांबला. टोपड्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघांचंही अवघड झालं असतं.

मावशीचं चालूच होतं. "आन् कापड बी किती सरळ फाडलेलं व्हतं बाई! शिवायला कायीच तरास झाला न्हाई."

नवऱ्यानं पेले खाली ठेवले, हात शर्टाला पुसले आणि बाळाला घ्यायला पुढे केले.